सायकलीपुढच्या बस्की

कार्तिकातला शेवटचा सोमवार

सगळ्यात आधी आली ती समोरची चेन्नाजम्मा, आणि तीही रिकाम्या हाताने नाही, दोन शहाळी घेऊन, जसा काही माणूस दवाखान्यातून घरी आलाय. तिच्यामागून पिठाच्या गिरणीवाला. त्याच्यामागून तुझ्या आईची मावशी, जी एरवी आमच्या दारावरून जाताना मानसुद्धा वळवत नाही. सगळे ओसरीवर बसले आणि तुझ्या अप्पाकडे टकामका बघायला लागले. नंजू बिचारा खुर्चीत, पुढ्यात शहाळी.

पुट्टी, घाबरू नकोस. कोणी आजारी नाही. तुझा अप्पा लग्नाच्या पंगतीत जेवायला बसला आणि उठला नाही. उठला नाही म्हणजे त्याला उठताच आलं नाही.

लग्न गिरणीवाल्याच्या पुतणीचं होतं. टेबलं मांडली होती, पण म्हातारी माणसं म्हणाली आम्ही खाली पानावर बसणार. नंजूही आपला मानाने खाली बसला. जेवला छान, पायस दोनदा घेतलं. मग सगळ्यांनी पानं दुमडली, उठले, हात धुवायला गेले. हा बसलेलाच. एक हात टेकला, नाही जमलं. दोन्ही हात टेकले, तर पंजा गेला सारात आणि सर्रकन घसरला. मग नवरीकडच्या दोघांनी काखेत हात घालून उचलला, दुकानात तांदळाचं पोतं उचलतात तसा. त्यात कोणीतरी मेला ओरडला, "जपून हां, पैलवान आहेत ते!" सगळी पंगत हसली. नंजूसुद्धा हसला. पण मी आई आहे ना त्याची, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला लांबून दिसल्या.

तू स्वतःच्या मनाने लग्न करून गेल्यापासून तो असाच फुगत गेलाय. दुकानात खुर्ची, घरात खुर्ची, झोपायला उंच पलंग. जमिनीची आणि त्याची गाठच पडत नव्हती. साखर निघाली तेव्हा डॉक्टरने चालायला सांगितलं, तर दुकानापर्यंत चालतो आणि म्हणतो झालं माझं चालणं.

चेन्नाजम्मा शहाळं सोलत म्हणाली, "नंजप्पा, आता वय झालं. पन्नाशी आली. खाली कशाला बसायचं?"

तेव्हा तो काय म्हणाला माहितेय? "उद्या गरडीत जातो."

गरडीतली तालीम सोडून त्याला वीस-पंचवीस वर्षं झाली, तरी ओसरीवर कोणी हसलं नाही. त्यानेच मला जास्त वाईट वाटलं.

हे सगळं मी तुला का लिहितेय ते आता सांगते. फोन तुझ्या आईकडे, सौभाग्याकडे, असतो, आणि तो वाजला की नंजू मान वर करून बघतो. कोणाचा, असं विचारत नाही, नुसता बघतो. म्हणून सौभाग्या देवळात जाऊन तुझ्याशी बोलते. मला देवळात ऐकू येत नाही, घंटा वाजतात. मी आपली लिहिते. तिसरीपर्यंत शिकले, तेवढ्यात जेवढं येतं तेवढं. तुला उत्तर लिहायचं झालं तर चेन्नाजम्माच्या पत्त्यावर लिही. नंजूला यातलं काही माहीत नाही. मी तुला ये म्हणून सांगत नाहीये हं. नुसती खबर देतेय.

नातजावयाला, मेलवण्णाला, माझा आशीर्वाद सांग. त्याचं खरं नाव मला नीट म्हणता येत नाही.

धनुर्मास चालू आहे, बुधवार

तुझं कार्ड मिळालं. तू विचारलंस, "अप्पा खरंच गरडीत गेले?" गेला गं. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

सध्या पहाटेची देवळात जाते, गरम पोंगल मिळतो ना. वाटेत गरडीची मागची भिंत लागते. आम्हा बायकांना गरडीत पाऊल टाकता येत नाही, पण भिंतीला टेकून चपलेतला खडा काढायला कोणाची परवानगी लागते? माझ्या चपलेत हल्ली रोज खडा जातो. तुझा अज्जा पैलवान होता तेव्हापासून मला ती सवय. आतला आवाज ऐकून मी सांगू शकते कोण काय करतोय. दंड मारताना श्वास वेगळा, बस्की म्हणजे बैठका घालताना वेगळा, आणि चुकवेगिरी करताना तर अगदीच वेगळा.

वस्ताद होन्नय्या अजून आहेत. दिसतं कमी, पण जीभ शाबूत. पहिल्या दिवशी नंजूने आत जाऊन त्यांच्या पायांना हात लावला, तर म्हणतात कसे, "कोण? नंजुंडा? अरे, मी पैलवान धाडला होता, पोतं कोणी परत आणलं?"

नंजू म्हणाला, "वस्ताद, मातीत उतरतो."

"मातीला हात लावू नकोस. ती ओळखणार नाही तुला. आधी जमिनीवर बस."

बसला असणार. धप्प आवाज आला.

"आता ऊठ."

मग नुसतं घूं घूं. शेवटी वस्ताद म्हणाले, "लहान पोर कसं उठतं ते बघितलंयस? कुशीवर वळ. हात टेक. गुडघा घे. मग दुसरा पाय. घाई कशाची आहे, कोणाची बस चुकतेय?" आणि मग बराच वेळ तेवढंच चाललं. बस, ऊठ. बस, ऊठ. याचा बाप या गरडीत डाव टाकायचा आणि लेक बसायला शिकतोय, असं कोणीतरी पुटपुटलं. वस्तादांनी त्याला बाहेर काढलं.

आता तो भिंतीला हात लावून दंड मारतो. भिंतीवरून बाकावर आला. परवा म्हणाला बाकावरून जमिनीवर येणार. जमिनीवर आला की गुडघे टेकवायचे म्हणे आधी. हे सगळं तो मला सांगत नाही, जेवताना सौभाग्याला सांगतो, पण एवढ्या मोठ्याने सांगतो की मला ऐकू जावं. तिने विचारलं, "अहो, एवढं कशाला? नुसतं चालायला जा ना सकाळी." तर म्हणाला, "चालताना माणूस मित्र गोळा करतो. मग इडली खातो."

खाण्याचं सांगते. नाचणीचा मुद्दा, एकच गोळा, आणि पालेभाजीचं सारू, भात मूठभर. तांदळाच्या दुकानाचा मालक आणि भात मूठभर! गिऱ्हाईकं काय म्हणतील?

तुझं तू काही लिहिलं नाहीस. तब्येत कशी आहे? सौभाग्या देवळातून परत येते तेव्हा हल्ली गाणं म्हणत येते. मी काही विचारलं नाही. मला काही कळत नाही असं नाही.

संक्रांतीचा तिसरा दिवस

पुट्टी, रागावू नकोस. माझ्या तोंडून निसटलं.

तिळगुळाचं एळ्ळु-बेल्ल वाटायला बायका आल्या होत्या. नंजू परसात बंब पेटवत होता. आणि मी जरा मोठ्याने, म्हणजे ऐकू येत नाही म्हणून माणूस मोठ्याने बोलतोच ना, चेन्नाजम्माला म्हणाले, "चौथा लागलाय. पहिलं बाळंतपण आहे, ते आईच्या घरी व्हायला नको का?" सौभाग्याने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या हातातले तीळ सांडले.  बंबातली लाकडं तडतडत होती तेवढीच.

निसटलं म्हणजे निसटलंच. त्यावर जास्त विचारू नकोस.

त्या दिवशी तो दुकानात गेला नाही.  मी मनात म्हटलं, झालं, आता गरडीही सुटणार. दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं, म्हणजे गेला गरडीत. परत आला आणि घरात यायच्या ऐवजी परसात गेला. मी खिडकीतून बघितलं. परसात पुन्हा बस्की घालत होता.

आता गरडीतल्या बस्की तुला माहीत आहेत. लहानपणी अज्जाच्या शेजारी उभी राहून तूसुद्धा घालायचीस. हात पुढे जातात, मागे येतात, झोका घेतल्यासारखे. नंजू तशाच घालत होता. मग थांबला. इकडे तिकडे बघितलं. डावा हात उजव्या कानाला लावला, उजवा हात डाव्या कानाला, आणि तशा घातल्या. हळू. डोळे मिटून.

मी खिडकीत तशीच. चेन्नाजम्मा मीठ मागायला आली होती, तिनेही बघितलं. म्हणाली, "अय्यो, शाळेत शिक्षा द्यायचे त्या बस्की का गं या?"

मी म्हटलं, "शाळेत शिक्षा. देवळात गणपतीपुढे. चुकलं-माकलं माफ कर म्हणून."

"पण इथे गणपती कुठाय?"

तेच तर. परसात गणपती नाही. तुळस या बाजूला, तो त्या बाजूला तोंड करून. त्याच्यापुढे काय होतं सांगू? तुझी सायकल. कॉलेजची, निळी. शेडमध्ये भिंतीला टेकवलेली.

आत आल्यावर मी विचारलं, "नंजू, कान धरून बस्की घालायला कुठल्या वस्तादाने शिकवलं?"

"त्याने तोल राहतो, अव्वा."

"आणि तिथेच कशाला, शेडपाशी?"

"तिथे सावली असते."

पहाटे, पुट्टी. सूर्य उगवला नव्हता तेव्हा त्याला सावली हवी होती.

शिवरात्र होऊन गेली, शुक्रवार

तुझं पत्र तीनदा वाचलं, चौथ्यांदा चेन्नाजम्माकडून वाचून घेतलं, म्हणजे माझं काही चुकत नाही ना ते कळावं. तू लिहिलंस, "अप्पांनी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं की या घरात पाय ठेवायचा नाही. आता त्यांनीच तोंडाने ये म्हणावं. सायकलीला सांगून काय उपयोग?" आणि मेलवण्णाची आई मंगळुरातच बाळंतपण करायचं म्हणते, डॉक्टरीणबाई शेजारीच राहते, असंही लिहिलंस.

तुझं बरोबर आहे. मी त्याची बाजू घेत नाही. बोलायला त्यालाच हवं. पण त्याचं तोंड तुझ्या अज्जासारखं आहे, त्यातून हिशेब निघतो, शिवी निघते, हवं ते निघत नाही. परवा फोन वाजला. सौभाग्या स्वयंपाकघरात. त्याने उचलला. मला माहीत होतं तुझा आहे, तुझ्या आईच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने कानाला लावला, उभा राहिला, आणि म्हणाला, "हॅलो. तांदूळ संपलाय." आणि ठेवून दिला. मग संध्याकाळपर्यंत स्वतःवर चिडून होता. तू काय समजलीस गं त्यातून?

मध्ये त्याने गुडघाही दुखवून घेतला. वस्तादांनी सांगितलं होतं हळू. पण त्या फोननंतर तो दुसऱ्या दिवशी गरडीत जाऊन वेड्यासारखा बस्की घालत सुटला. गुडघा सुजून पपईएवढा झाला. मग एरंडाची पानं, गरम तेल, पाय उशीवर. म्हटलं, आता परत खुर्ची आली. पण वस्ताद घरी आले, काठी टेकत. ओसरीवर बसले आणि बोलले ते असे बोलले की समोरच्या घरापर्यंत गेलं.

"गुडघ्याने माफी मागतोस काय रे? गुडघा काय बोलणार आहे? मी तुला अंग कमवायला सांगितलं, अंग मोडायला नाही."

नंजू म्हणाला, "वस्ताद, मला ती माती परत पाहिजे."

"माती जागेवरच आहे. तूच पळाला होतास वीस-पंचवीस वर्षं. ती रुसत नाही. तू आलास की मऊ होते." मग पानाला चुना लावत म्हणाले, "माणसंही तशीच असतात बहुतेक वेळा. आधी तू तर जा."

 सूज उतरल्यावर नंजूने परत पहिल्यापासून सुरू केलं, भिंतीपासून. चिडचिड नाही. आता दंड पुरे मारतो, छाती जमिनीला लागेपर्यंत. पोट कमी झालं. सदरे सैल झाले, तुझ्या आईने दोन आवळून शिवले. डॉक्टर म्हणाला साखर खाली आलीय. परवा न विचारता त्याने सायकल काढली, चाकांत हवा भरली, साखळीला तेल घातलं. मी म्हटलं, कोण चालवणार आहे? म्हणाला, गंज चढतो, अव्वा.

आता माझं ऐक. सातवा लागला की बांगड्या भरायच्या असतात. ते आम्हाला करायला हवं, मग तुझ्या सासूबाई काहीही म्हणोत. मी आणि सौभाग्याने ठरवलंय. आमच्या घरी नाही. तुझा उंबऱ्याचा राग आहे तर चेन्नाजम्माच्या घरी. ती हो म्हणालीय, तिला तर बाजारभर सांगायला विषय मिळाला. तू फक्त त्या घरी ये. गल्लीच्या अलीकडे पाय ठेवू नकोस. बांगड्या भरू, ओटी भरू, जेवा आणि जा.

नंजूला सौभाग्या सांगणार आहे. मी यावेळी तोंड मिटून बसणार. बघू या जमतं का.

युगादीनंतर, तुम्ही गेलात त्याच दिवशी

गाडी वळणावरून गेली तेव्हाच लिहायला बसले. तू म्हणशील, अज्जी, मी तिथेच तर होते, आता काय लिहितेस? पण तू रडत होतीस. रडणाऱ्या माणसाला निम्मं दिसत नाही. म्हणून सगळं लिहून ठेवते.

गाडीतून आधी मेलवण्णा उतरला, फणस घेऊन. केवढा तो फणस! मग तू. पोट असं पुढे, हात कमरेवर. चेन्नाजम्मा दारात आरतीचं ताट घेऊन उभी, हिरव्या बांगड्यांची परडी आत. मी तिच्या ओसरीवर. आणि आमच्या घराच्या उंबऱ्यात, आतल्या बाजूला, नंजू. धोतर नेसून, सदरा न घालता. घालायला विसरला होता. मध्ये गल्ली.

तू तिकडे बघितलंस आणि तोंड फिरवलंस.  मला वाटलं, झालं, आता हा आत जाईल.

तो उंबरा ओलांडून बाहेर आला. गल्लीत. भर दुपारी, गिरणी चालू, सगळे दारात. तुझ्यापुढे येऊन उभा राहिला. तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, देवा, आता तांदळाचं काही म्हणू नकोस. त्याने तोंड मिटलं. डावा हात उजव्या कानाला लावला, उजवा डाव्या कानाला, आणि बसला. उठला. बसला. उठला.

चेन्नाजम्मा ओरडली, "अय्यो नंजप्पा, बापाने लेकीपुढे कान धरायचे नसतात!"

तो बसता-उठताच म्हणाला, "लेकीपुढे कोण धरतंय? बस्की गणपतीपुढे घालतात. पोट बघ की तिचं."

यावर तू हसलीस आणि मग रडायला लागलीस, आणि तुझा पुढचा निम्मा भाग बघायचा राहून गेला तो असा. मेलवण्णाला काही कळेना. त्याला वाटलं, मैसूरकडे जावई पहिल्यांदा आला की हे करायचं असतं. सासरा घालतोय म्हणजे आपणही घालायला पाहिजे. त्याने फणस खाली ठेवला, कान धरले, हातांचा गोंधळ, उजवा उजव्याला लावला, आणि नंजूच्या शेजारी बस्की घालायला लागला! दुसऱ्या बस्कीला पँट चर्रकन उसवली. नंजूने बाजूला बघितलं. म्हणाला, "अरे, हात उलटे. कान उलटे धरायचे. आणि टाच नको उचलूस." आणि गल्लीत उभं राहून जावयाला बस्की शिकवायला लागला. दोन वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही त्या पोराचा हात धरून त्याच्या कानाला लावून देत होता.

मग तुझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आत चल. ऊन आहे." एवढंच म्हणाला. मला वाटतं तुला जे हवं होतं ते यातच होतं. तू गेलीस, म्हणजे तुलाही वाटलं असणार.

चेन्नाजम्मा मात्र रुसली. तिच्या घरचा समारंभ आमच्या घरात गेला. तिला मी अर्धा फणस दिला.

बांगड्या भरल्या. जेवायला सगळे खाली पानावर बसलो. पुरणाचे होळिगे तू तीन खाल्लेस, मी मोजत नव्हते, सौभाग्या म्हणाली. तुझ्या पानाच्या एका बाजूला मेलवण्णा, माझी चादर कमरेला गुंडाळून. दुसऱ्या बाजूला नंजू. जेवण झालं, पानं दुमडली. तुला उठायला जमेना, पोट आडवं येत होतं. मेलवण्णा उठायला गेला तर चादर पायात अडकली.

नंजू उठला. हात टेकला नाही, गुडघ्याला हात लावला नाही. बसल्या जागी पाय आवळले आणि सरळ वर, जसा त्याचा बाप उठायचा. मग वाकला, तुझे दोन्ही हात धरले आणि तुला उचलून उभं केलं. मला कोणी विचारलं की देव बघितलास का, तर मी हे सांगेन.

गिरणीवाला दारात होता. तो म्हणाला, "जपून हां, पैलवान आहेत ते." यावेळी कोणी हसलं नाही. नंजू तेवढा हसला.

तुम्ही गेल्यावर तो परसात गेला. मी खिडकीतून बघितलं, बघणारच. सायकल पुसत होता. मग तिच्या मागच्या कॅरिअरवर हात ठेवून उभा राहिला, आणि मला हाक मारली, "अव्वा, खिडकीत आहेस ना? हिला पुढे लहान पोराची बसायची टोपली लागते का गं?" मी म्हटलं, अरे, पोर आधी होऊ दे.

वस्तादांना सगळं कळलंय. ते म्हणाले, आता याला मातीत उतरवतो.

तुझ्या सासूबाईंना सांग, डॉक्टरीण इथेही गल्लीच्या तोंडाशीच आहे. पलंग खाली आणून ठेवलाय तुझ्यासाठी, एरंडाचं तेल, शेपू, डिंक सगळं मी बघते. मेलवण्णाला सांग येताना दोन पँटी आणायच्या.

विसरशील म्हणून लिहिते. गाडीत बसताना तू नंजूला बाळंतपणाला कधी येणार ते सांगितलंस आणि त्याने खडूने दुकानाच्या फळीवर लिहून ठेवलंय: वैशाख पौर्णिमा झाली की येणारा पहिला सोमवार.